कोठून? कोठपर्यंत?

परीक्षा जवळ आली की गुरुजी पुस्तक उघडायला सांगतात आणि म्हणतात, "येथे पेन्सिलीने खूण करा. आता पान उलटा. येथे दुसरी खूण करा. एवढे पाठ करून या." चाळीस मुले दोन खुणा करतात आणि दुसऱ्या दिवशी चाळीसही मुले तोच मजकूर पाठ करून येतात. (निदान यावीत, अशी गुरुजींची अपेक्षा असते!) दोन खुणांच्या मधला मजकूर म्हणजे कोणता, हे त्यांतल्या एकालाही समजावून सांगावे लागत नाही.

हेच काम संगणकाला सांगायचे झाले तर? एक लांबलचक मजकूर आहे, त्यात एक आरंभाची खूण आहे आणि एक शेवटाची. मधले तेवढे काढून दे, एवढेच सांगायचे. ऐकायला किती सोपे वाटते! परंतु या सोप्या कामात भल्याभल्यांची फजिती होते. माझीही झाली, आणि ती कशी झाली हे पुढे सांगणारच आहे. शाळेतल्या संगणकाच्या तासाला जे शिकवले जाते त्यात या कामाला जागा नसते. मी पाहिलेल्या बहुतेक वर्गांत मुले संगणकाच्या पिढ्या पाठ करतात, भागांची नावे लिहितात, अक्षरे ठळक आणि तिरपी कशी करायची ते शिकतात. ते शिकू नये असे मी म्हणत नाही. पण माझे स्पष्ट मत असे आहे की आठवी-नववीच्या मुलाने स्वतः लिहिलेली पहिली खरी आज्ञा 'दोन खुणांच्या मधले काढ' हीच असावी. तसे मला का वाटते, ते जरा विस्ताराने पाहू या.

मजकुरातून हवे ते वेचून काढण्यासाठी पर्ल नावाची एक संगणकभाषा प्रसिद्ध आहे. लॅरी वॉल या अमेरिकन गृहस्थाने ती १९८७ च्या डिसेंबरात सर्वांसाठी खुली केली. वॉल यांचे शिक्षण भाषाशास्त्राचे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. इंग्रजीत मोत्याला जो शब्द आहे तोच ते नाव म्हणून ठेवणार होते. पण त्या नावाची एक भाषा आधीच होती, म्हणून त्यातले एक अक्षर गाळले. असो.

पर्लमध्ये मजकुराचा 'नमुना' लिहिता येतो. नमुना म्हणजे आपल्याला हव्या असलेल्या मजकुराचे चिन्हांनी केलेले वर्णन. समजा आपल्यापाशी असे वाक्य आहे:

सहल [पुणे] येथून निघून [सातारा] येथे पोहोचली.

चौकटी कंसांतली गावाची नावे हवी आहेत. कंसाची सुरुवात ही पहिली खूण, कंसाचा शेवट ही दुसरी. तेव्हा आपण नमुना लिहितो:

/\[(.*)\]/

घाबरू नका. दोन टोकांच्या तिरप्या रेघा म्हणजे नमुन्याचे कुंपण. टिंब म्हणजे 'कोणतेही एक अक्षर'. त्यापुढचा तारा म्हणजे 'असे कितीही, अगदी शून्यसुद्धा'. गोल कंस म्हणजे 'एवढे माझ्यासाठी बाजूला काढून ठेव'. आणि चौकटी कंसांना पर्लमध्ये स्वतःचा वेगळा अर्थ असल्यामुळे, 'मला तुझा अर्थ नको, नुसता कंसच हवा' असे सांगण्यासाठी त्यांच्यामागे उलटी तिरपी रेघ दिली आहे. सगळे मिळून वाचले तर: कंस उघडो, मग काहीही कितीही येवो, मग कंस मिटो.

यात चूक दिसते का? मला तरी प्रथम दिसली नव्हती. पण हा नमुना चालवला की हाती 'पुणे' येत नाही. हाती येते ते हे:

पुणे] येथून निघून [सातारा

संगणक बिघडला का? मुळीच नाही. आपण 'काहीही, कितीही' असे म्हटले आणि त्याने ते शब्दशः पाळले. मधल्या 'काहीही' मध्ये मिटलेला कंसही बसतो आणि उघडलेला कंसही बसतो! एस.टी.त बसल्या बसल्या झोपी जाणारा प्रवासी तुम्ही पाहिला असेल. तो थेट शेवटच्या थांब्यापर्यंत जातो, तेथे दचकून उठतो आणि मग एकेक थांबा मागे येत 'माझे गाव हेच का?' असे विचारू लागतो. तारा या चिन्हाचे वागणे असेच आहे. तो आधी मजकुराच्या शेवटापर्यंत धावतो आणि मग एकेक अक्षर मागे सरकत मिटलेला कंस शोधतो. मागून येणाऱ्याला जो कंस पहिला भेटेल तो अर्थातच वाक्यातला शेवटचा असतो. संगणकवाले या ताऱ्याला 'हावरा' म्हणतात, आणि ते नाव त्याला शोभते.

उपाय एका चिन्हाचा आहे. ताऱ्यापुढे प्रश्नचिन्ह द्यायचे:

/\[(.*?)\]/

आता प्रवासी जागा आहे. तो प्रत्येक थांब्याला कंडक्टरला विचारतो, 'आले का? आले का?' आणि पहिल्यांदा 'आले' असे उत्तर मिळताच उतरतो. हाती 'पुणे' येते, आणि तेथून पुढे पुन्हा शोधायला सांगितले की 'सातारा'. ही सोय पर्लमध्ये पहिल्यापासून नव्हती. १९९४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत ती आली.

या ताऱ्याचे मूळ मात्र संगणकाच्या दुकानात नाही, ते मेंदूच्या अभ्यासात आहे. १९४३ साली मॅककलक आणि पिट्स या दोघांनी मज्जापेशींचे एक गणिती प्रतिरूप मांडले. अशा पेशींच्या जाळ्याला कोणकोणत्या घटनांच्या मालिका ओळखता येतील, हा प्रश्न स्टीफन क्लीनी या तर्कशास्त्रज्ञाने घेतला आणि १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याचे उत्तर देताना ही तारांकित लेखनपद्धती वापरली. पुढे १९६८ मध्ये केन टॉम्प्सन यांनी तिचा उपयोग मजकुरात शोध घेण्यासाठी केला. 'मेंदूला काय ओळखता येते' या प्रश्नातून निघालेले चिन्ह आज कोणत्याही कारकुनी कामात राबते आहे, याची मला नेहमी गंमत वाटते.

आता माझ्या फजितीकडे येतो.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे शाळांचे विज्ञान प्रदर्शन होते. निरनिराळ्या शाळांकडून विद्यार्थ्यांच्या नोंदी आल्या होत्या आणि त्या सगळ्या एका फाइलीत एकापुढे एक टंकलिखित केल्या होत्या. प्रत्येक नोंदीत 'नाव:' असे लिहून पुढे विद्यार्थ्याचे पूर्ण नाव, मग 'इयत्ता:' आणि पुढे इतर माहिती. छातीवर लावायचे बिल्ले आणि टेबलांची यादी करण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले. दोन खुणा समोर होत्याच. मी नमुना लिहिला:

/नाव:(.*?)इयत्ता:/

प्रश्नचिन्ह द्यायला विसरलो नाही, हे कृपया पाहून ठेवा! काही लांब नावे दोन ओळींत मोडली होती. टिंब हे चिन्ह सहसा ओळ ओलांडत नाही. म्हणून पर्लची जी सोय आहे ती वापरून मी त्याला ओळ ओलांडण्याची मुभाही दिली. दहा-बारा नोंदींवर करून पाहिले, सगळे ठीक आले. मग पूर्ण फाइल चालवली, मिळालेल्या मजकुरातले पहिले तीन शब्द बिल्ल्यावर छापले आणि खुशीत घरी गेलो.

प्रदर्शनाच्या सकाळी एक मुलगी ठिबक सिंचनाचे प्रतिरूप घेऊन आली. पहाटेच्या एस.टी.ने आली होती. यादीत तिचे नाव नव्हते, बिल्ला नव्हता, टेबल नव्हते. टेबले मांडणाऱ्यांनी यादी दाखवली आणि म्हणाले, "तुमच्या शाळेने नाव कळवलेले दिसत नाही." ती दुपारपर्यंत व्हरांड्यात प्रतिरूप मांडीवर घेऊन बसून होती. परीक्षक आतल्या आत फिरून गेले. तिच्या शाळेने नाव कळवले होते. फाइलीत तिची नोंद व्यवस्थित होती. ती गाळली होती मी.

झाले होते ते असे. तिच्या नोंदीच्या आधी ज्या मुलाची नोंद होती, तीत 'इयत्ता' या शब्दापुढे अपूर्णविरामाऐवजी विसर्ग पडला होता. तुम्ही म्हणाल, त्याने काय बिघडले? कागदावर तर दोन्ही सारखेच दिसतात. वरखाली दोन ठिपके! आपल्या डोळ्यांना सारखे दिसतात, हे खरे. पण संगणकाच्या दृष्टीने अपूर्णविरामाचा क्रमांक ५८ आहे आणि विसर्गाचा २३०७. मराठी टंकलेखनात एकाच्या जागी दुसरा पडणे ही तर नित्याची गोष्ट आहे. त्या मुलाच्या नोंदीत शेवटाची खूण डोळ्यांपुरतीच होती. जागा असलेला प्रवासी थांब्याथांब्याला विचारत राहिला, त्याला 'आले' असे उत्तर मिळाले नाही, आणि तो सरळ पुढच्या नोंदीत शिरून तेथल्या 'इयत्ता:' पाशी उतरला. म्हणजे त्या मुलाचे नाव, त्याची इयत्ता, त्याचा विषय आणि त्यामागून या मुलीचे नाव असा सगळा गठ्ठा मिळून एक 'नाव' झाले! मी त्यातले पहिले तीन शब्द छापले. मुलाचा बिल्ला बिनचूक निघाला. मुलगी नाहीशी झाली.

यात दोन गोष्टी मला बोचतात. पहिली ही की चूक तिच्या नोंदीत नव्हतीच. ती शेजारच्या नोंदीत होती. दुसरी ही की 'कमीत कमी घे' असे सांगितले म्हणजे आपण सुरक्षित झालो, असे मी धरून चाललो होतो. प्रश्नचिन्हाचा अर्थ तसा नाही. पर्ल आधी डावीकडून भेटलेली पहिली आरंभखूण पक्की करते आणि मग तेथून पुढे जवळात जवळची शेवटखूण शोधते. मजकुरात अधिक जवळची दुसरी आरंभखूण आली तरी पहिली सोडून देत नाही.

मग नमुना कसा लिहायला हवा होता? मध्ये पुन्हा आरंभखूण येता कामा नये, असे बजावून:

/नाव:((?:(?!नाव:).)*?)इयत्ता:/

पुढे 'नाव:' लागत नसेल तरच एक अक्षर पुढे टाक, असा मधल्या भागाचा अर्थ आहे. पण ऐका, यानेही सगळे प्रश्न मिटत नाहीत. आता मुलगी वाचते आणि ज्याच्या नोंदीत विसर्ग आहे तो मुलगा गळतो! एकजण गेलाच. यावर नमुन्यातले कोणतेही चिन्ह पुरे पडत नाही. फाइलीत 'नाव:' ही खूण किती वेळा आली आणि आपल्या हाती किती नावे आली, हे मोजून पाहणे एवढाच इलाज आहे. माझ्या फाइलीत खुणा होत्या २१२ आणि नावे निघाली होती २११. ही वजाबाकी पहिलीतल्या मुलालाही येते. मी ती केली नव्हती.

संस्कृत घेतलेल्या विद्यार्थ्यांना आता एक जुनी ओळखीची गोष्ट आठवली असेल. सुमारे चोवीस-पंचवीसशे वर्षांपूर्वी पाणिनीच्या व्याकरणात नेमका हाच उद्योग केलेला आहे. वर्णांची चौदा लहान लहान सूत्रे आहेत आणि प्रत्येक सूत्राच्या शेवटी एक खुणेचे व्यंजन आहे. एक वर्ण आणि एक खूण अशी जोडी घेतली की त्यांच्या मधले सगळे वर्ण मिळतात. या जोडीला प्रत्याहार म्हणतात. 'अच्' म्हणजे अ पासून च् या खुणेपर्यंतचे सगळे, अर्थात स्वर: अ, इ, उ, ऋ, ऌ, ए, ओ, ऐ, औ. वाटेत ण्, क्, ङ् या दुसऱ्या सूत्रांच्या खुणा लागतात. त्या गाळायच्या असतात. शेवटचा च् सुद्धा मोजायचा नाही. आरंभीचा अ मात्र मोजायचा. म्हणजे खूण स्वतः हिशेबात धरायची की नाही, याचाही नियम ठरलेला आहे.

पण खरी मौज पुढे आहे. ण् ही खूण दोनदा येते! पहिल्या सूत्राच्या शेवटी एकदा आणि सहाव्या सूत्राच्या शेवटी पुन्हा. मग 'अण्' म्हणजे काय? पहिल्या ण् पाशी थांबलो तर हाती येतात अ, इ, उ एवढे तीन. दुसऱ्यापर्यंत गेलो तर सगळे स्वर आणि वर ह, य, व, र, ल. हावरा तारा आणि प्रश्नचिन्हाचा तारा यांच्यातले भांडण ते हेच. परंपरेने याचा निकाल असा दिला आहे की 'अण्' मध्ये पहिला ण् घ्यायचा, अपवाद फक्त एका सूत्राचा, तेथे दुसरा. आणि 'इण्' मध्ये मात्र नेहमी दुसराच. पतंजलीच्या महाभाष्यात या दोन ण्-कारांची चर्चा आहे. तिचे तात्पर्य असे की शंका आली म्हणून नियम टाकून द्यायचा नसतो. जाणत्यांच्या विवरणावरून अर्थ ठरवायचा असतो.

संगणकाच्या बाबतीत अडते ते येथे. पाणिनीला वाचक होते, त्यांच्यामागे भाष्यकार होते. दोन ण् आले तर कोणता घ्यायचा हे गुरू शिष्याला सांगत असे. पर्लला भाष्यकार नाही. जे काही ठरवायचे ते नमुना लिहिणाऱ्यानेच आधी ठरवले पाहिजे, आणि लिहूनही दिले पाहिजे. आपल्या मनात किती गोष्टी न बोलता गृहीत धरलेल्या असतात, हे कळायला याहून चांगला गुरू मला माहीत नाही. गुरुजींच्या पेन्सिलीच्या खुणा चाळीस मुलांना कळतात, कारण चाळीसही मुले गृहीत धरण्यात गुरुजींच्या बरोबरीची असतात.

हे सारे माणसाने माणसाच्या सोयीसाठी केलेले खेळ आहेत, असे कोणी म्हणू नये. तुमच्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत हेच काम या क्षणी चालू आहे. प्रथिन तयार करण्याचा निरोप आर.एन.ए.च्या धाग्यावर चार अक्षरांत लिहिलेला असतो आणि रायबोसोम तो तीन तीन अक्षरांनी वाचतो. ए-यू-जी ही आरंभाची खूण. यू-ए-ए, यू-ए-जी आणि यू-जी-ए या तिघांपैकी कोणतीही शेवटाची. रायबोसोम हावरा नाही. आरंभापासून तीन तीन अक्षरे मोजत जाताना जी शेवटखूण पहिली भेटेल तेथे तो थांबतो. मोजणीच्या पावलात न बसणारी, दोन त्रिकुटांत विभागली गेलेली शेवटखूण मात्र तो ओळखत नाही. आपल्या नमुन्यात हा तीनांचा हिशेब घालायला विसरणे ही जीवशास्त्राच्या नवशिक्या विद्यार्थ्यांची ठरलेली चूक!

रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये आल्फा नावाची साखळी असते. तिच्या निरोपात दोन खुणांच्या मध्ये १४१ त्रिकुटे असतात, आणि साखळीत अमिनो आम्ले असतात १४१. (आरंभाची खूण ए-यू-जी हीसुद्धा एक अमिनो आम्ल आणते, पण ते नंतर छाटले जाते.) काही माणसांत शेवटच्या खुणेतले एक अक्षर जन्मतः बदललेले असते. यू-ए-ए च्या जागी सी-ए-ए होते. सी-ए-ए ही खूण नव्हे. तो ग्लुटामिन या अमिनो आम्लाचा साधा शब्द आहे. मग रायबोसोम थांबत नाही. तो पुढच्या, एरवी कधी वाचल्या न जाणाऱ्या मजकुरात शिरतो आणि पुढची शेवटखूण भेटेपर्यंत वाचत राहतो. साखळी १४१ ऐवजी १७२ ची होते. अशा हिमोग्लोबिनला जमैकातल्या कॉन्स्टंट स्प्रिंग या वस्तीचे नाव आहे आणि त्याचे वर्णन १९७१ साली प्रसिद्ध झाले. ही लांबलेली साखळी फार थोड्या प्रमाणात तयार होते, आणि आल्फा थॅलॅसेमिया या रक्तविकाराचे ते एक कारण आहे. एका अक्षराच्या फरकाने शेवटची खूण खूणच राहिली नाही! माझ्या फाइलीतल्या विसर्गाने दुसरे काय केले होते?

माझ्या मतावर आक्षेप घेणारे शिक्षकमित्र मला भेटतात. ते म्हणतात, पर्ल आता जुनी झाली, मुले दुसऱ्या भाषा शिकतात. भाषा कोणतीही शिकवा, माझा हट्ट नाही. पर्लची ही नमुना लिहिण्याची पद्धत इतकी रुजली की १९९७ साली फिलिप हेझल यांनी ती पर्लबाहेर वापरता यावी म्हणून एक स्वतंत्र संच तयार केला आणि तो पुढे अनेक आज्ञावलींत गेला. दुसऱ्या भाषांतही तारा, टिंब आणि प्रश्नचिन्ह बहुधा याच अर्थाने भेटतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आता संगणकालाच साध्या मराठीत सांगितले की 'या दोन खुणांच्या मधले काढायचा नमुना लिहून दे', तर तो क्षणात लिहून देतो. मग मुलांनी डोकेफोड कशाला करायची? मी स्वतः अशी मदत घेतो, त्यात कमीपणा मानत नाही. पण मागताना काय मागायचे? 'शेवटाची खूण एखाद्या नोंदीत नसेल तर काय करावे' हे मी सांगितले नाही, तर मला हवे तेच उत्तर मिळेल याची हमी कोणती? आणि मिळालेला नमुना दहा नोंदींवर बरोबर चालला म्हणून दोनशे बारांवर चालेल, असे समजणारा माणूस तर मीच होतो. नमुना कोणी लिहिला याने त्या मुलीला काही फरक पडला नसता.

शिवाय यासाठी संगणक हवाच असेही नाही, ही गोष्ट लहान गावांतल्या शिक्षकांना मी मुद्दाम सांगतो. कागदाच्या लांब पट्ट्या घ्या. पट्टीवर एक वाक्य लिहा, त्यात दोन-तीन ठिकाणी अवतरणचिन्हे घाला. एका विद्यार्थ्याने 'दोन खुणांच्या मधले काढ' या कामाचे नियम फळ्यावर लिहायचे. दुसऱ्याने संगणक व्हायचे: पट्टीवर बोट ठेवून एकेक अक्षर पुढे सरकायचे, फळ्यावर लिहिले असेल तेवढेच करायचे, स्वतःची अक्कल अजिबात चालवायची नाही. (वर्गातल्या हुशार मुलांना हे फार जड जाते!) बाकीच्यांनी अशा पट्ट्या लिहायच्या की नियम लिहिणारा फसावा. कोणी शेवटाची खूण गाळतो, कोणी आरंभाची दोनदा देतो, कोणी दोन खुणांच्या मध्ये काहीच लिहीत नाही. मग 'काहीच नाही' हे उत्तर आहे की उत्तर नाही, यावर वाद होतो. होऊ द्यावा. दर खेपेला नियमात एक शब्द वाढतो.

एका नववीच्या वर्गात मी हा खेळ घेतला तेव्हा एका मुलाने पट्टीवर कंसात कंस लिहून आणला. बाहेरचा कंस उघडला, आत दुसरा उघडला, आतला मिटला, मग बाहेरचा मिटला. संगणक झालेली मुलगी पहिल्या मिटलेल्या कंसापाशी थांबली आणि वर्गात गलका झाला. कोणी म्हणाले हावऱ्या नियमाने जा. पण त्याच पट्टीवर पुढे आणखी एक कंसाची जोडी होती, तेव्हा तेही जमेना. मग कोणीतरी सुचवले की उघडलेला कंस दिसला की एक बोट उघडायचे, मिटलेला दिसला की एक मिटायचे, आणि सगळी बोटे मिटली की थांबायचे. क्लीनीच्या मूळ पद्धतीतल्या नमुन्यांना ही बोटे नाहीत, त्यामुळे कितीही खोल कंसात कंस त्यांना जमत नाहीत. पर्लने २००७ च्या आवृत्तीत नमुन्यातूनच त्याच नमुन्याला पुन्हा बोलावण्याची सोय केली, तेव्हा ते सोपे झाले. वर्गातल्या मुलांना यातले काही ठाऊक नव्हते.

तास संपल्याची घंटा होऊन गेली होती. पुढच्या तासाच्या संस्कृतच्या बाई दारात उभ्या राहून फळा वाचत होत्या. 'पहिली खूण घ्यायची की शेवटची' असे मोठ्या अक्षरांत लिहून कोणीतरी त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. बाई आत आल्या, त्यांनी खडू घेतला आणि त्या रेघांखाली लिहिले: अण्.